युरोप टूरमधला एक दिवस लिपित्साच्या घोड्यांसाठी कसा काढायचा

आपल्या कोल्हापुरात घोड्याचं वेड असणारी माणसं लय आहेत, जोतिबाचं वाहनच घोडा म्हटल्यावर असणारच, आणि हल्ली इथून क्रोएशिया-स्लोव्हेनियाला जाणारेही बरेच झालेत. पण टूरवाले ब्लेडचं तळं दाखवतात, पोस्तोयनाची गुहा दाखवतात आणि तिथून अर्ध्या-पाऊण तासावरचं लिपित्सा सोडून पुढं निघतात. घोडा आवडत असेल तर स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्लियानात, एक दिवस मोकळा मागून घ्याच. ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक चार्ल्सनं 1580 मध्ये सुरू केलेला स्टड, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीची जागा, आहे हा, व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमधल्या पांढऱ्या लिपिझानर घोड्यांचं मूळ गाव.

जायचं कसं, तर ल्युब्लियानातून गाडीनं तासाभराचा रस्ता. स्वतः चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय लायसन्स निघायच्या आधी इथल्याच आरटीओतून काढा आणि तिथल्या हायवेचा ई-विन्येट, म्हणजे ऑनलाइन टोल-पास, घेतलाय का ते भाड्याची गाडी देणाऱ्याला विचारून घ्या. ट्रेननं गेलात तर सेझाना स्टेशनला उतरायचं, पुढं पाच-सहा किलोमीटर टॅक्सी, आणि परतीची टॅक्सी उतरतानाच ठरवून ठेवा कारण तिथं आपल्यासारखी चौकात रिक्षा मिळत नाही.

शक्यतो एप्रिल ते जून गाठा, तेव्हा शिंगरं आयांबरोबर कुरणात असतात. घोड्यांच्या कसरतीचा शो रोज नसतो, त्यामुळं वेबसाइटवर वार बघूनच तारीख धरा. पण खरं सांगू का, शो चुकला तरी चालेल, कुरण चुकवू नका. आधी गाइडबरोबरची फेरी करा, त्यात 1703 चा वेलबांका तबेला दाखवतात, म्युझियमही बघा, आणि मग सगळा वेळ कुंपणाशी घालवा.

तिथं पहिल्यांदा जाणारा माणूस गोंधळतो, कारण पांढऱ्या घोडीच्या पोटाला काळं नाहीतर तपकिरी शिंगरू लागलेलं असतं. हे घोडे जन्मतात गडद आणि साधारण सहा ते दहा वर्षांत पांढरे होतात. आपल्याकडं बाजारात पांढरा दिसला की नुकरा म्हणतात, पण नुकऱ्याची कातडी गुलाबी असते, यांची काळी, नाकपुडीपाशी आणि डोळ्याभोवती नीट बघा म्हणजे कळेल, म्हणजे आपल्या भाषेत हे सब्जा. डाव्या गालावर एल अक्षर डागलेलं असतं तेही शोधा. नावाच्या पाट्या वाचायला विसरू नका, प्लूटो, कॉन्वेर्सानो, फावोरी, नेआपोलितानो, मायेस्तोसो आणि सिग्लावी ही सहा जुनी नरघराणी, आणि घोड्याच्या नावात बापाचं घराणं आणि आईचं नाव दोन्ही येतं, वंशावळ दारावरच लिहिलेली.

जमीन बघा तिथली. सगळा कार्स्ट नावाच्या पठाराचा चुनखडीचा दगड, माती पातळ, आणि बुर्या नावाचं बोचरं वारं. अशा रानात फिरून खूर कठीण होतात, पाय मजबूत होतात, आपला भीमथडी घोडाही अशाच दगडाधोंड्यांच्या दख्खनात घडला. लिपिझानर उशिरा पिकतो, चौथ्या वर्षाच्या आसपास शिकवायला घेतात, म्हणून म्हाताऱ्या घोड्यांकडंही बघा, तीस वर्षं जगणारे असतात. आणि हे सगळं टिकलं हेच मोठं, नेपोलियनच्या लढायांत कळप हलवावा लागला, 1943 मध्ये जर्मनांनी सगळे घोडे नेले आणि युद्धानंतर लिपित्साला फक्त 11 परत मिळाले, आज तिथं तीनशेच्या आसपास आहेत. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता.

काही गोष्टी पाळाच. हातातलं काही खाऊ घालू नका, फ्लॅश मारू नका, पुचकारून बोलावू नका, आणि घोड्याच्या मागून जाऊ नका. स्टॅलियनच्या, म्हणजे पैदाशीच्या नर घोड्याच्या, जाळीत बोटं घालणाऱ्या पोरांना आवरा, चावतात. आपण शाहू महाराजांच्या गावची माणसं, त्यांना घोड्यांची केवढी पारख होती, तेव्हा तिथल्या मोतद्दाराला मान देऊन बोला, इंग्लिश मोडकं असलं तरी घोड्यावरचा प्रश्न त्यांना कळतो आणि ते मनापासून सांगतात.

पायात जुने बूट, डोक्याला टोपी, पाण्याची बाटली. शाकाहारी असाल तर भडंग, दशम्या जवळ ठेवा. वेळ उरला तर श्कोत्सियानच्या गुहा जवळच आहेत, पण त्यासाठी कुरणातला वेळ तोडू नका, आणि ट्रेननं परतणार असाल तर संध्याकाळच्या गाडीची वेळ सकाळीच फोटो काढून ठेवा.