या चुका टाळा: गूगल सर्टिफाइड एज्युकेटर लेव्हल १ देताना मी कुठे कुठे आपटले

गूगलची साधनं वर्गात वापरता येतात का, हे बघणारी गूगलची शिक्षकांसाठीची ही परीक्षा. पहिल्यांदा मी नापास झाले, आधीच सांगून टाकते. लॉकडाऊनमध्ये रोज गूगल क्लासरूम वापरलेलं, शाळेत कुणाचं सरल नाहीतर यूडायस या सरकारी पोर्टलांवर शाळेची माहिती भरायचं काम अडलं की हाक मलाच, त्यामुळे लेव्हल १ म्हणजे आपल्या हातचा मळ असं डोक्यात बसलेलं. पोर्टलवर माहिती भरता येणं वेगळं आणि ही परीक्षा वेगळी, हे तीन तास खुर्चीत बसल्यावर कळलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अख्खा अभ्यास मोबाईलवर केला. डोंबिवली ते दादर लोकलमध्ये उभ्याउभ्या व्हिडिओ बघायचे, ऑफ तासाला फोनवरच क्लासरूम उघडून खुडबुड करायची. परीक्षा मात्र लॅपटॉपवर, ब्राउझरमध्ये, आणि मी दिली तेव्हा नुसतं ए बी सी डी निवडून भागत नव्हतं, काही ठिकाणी सेटिंग खरोखर बदलून दाखवायचं होतं. फोल्डर शेअर करताना समोरच्याला फक्त बघू द्यायचं, कमेंट करू द्यायची की बदल करू द्यायचे, हे फोनवर शंभर वेळा केलेलं, तरी तिथे बटण शोधण्यातच माझी पाच मिनिटं गेली. त्यात माझं अकाउंट मराठीत, 'दर्शक' आणि 'संपादक' बघायची डोळ्यांना सवय, आणि पेपर घेतलेला इंग्रजीत! मराठीचा अभिमान आहेच हो, पण इंग्रजीत पेपर देणार असाल तर महिनाभर आधी अकाउंटची भाषा इंग्रजी करून टाका.

दुसरं, पर्याय पाठ करू नका, ते वर्गात लावल्यावर काय होतं ते बघा. आमच्या विज्ञानाच्या बाईंचं उदाहरण देते. त्यांनी सातवीला वर्कशीट दिलं आणि 'सगळे विद्यार्थी फाइल बदलू शकतात' हा पर्याय ठेवला. चाळीस पोरं एकाच फाइलमध्ये, एकाने लिहिलेलं दुसरा खोडतोय, तिसऱ्याने मध्येच क्रिकेटचा फोटो टाकलेला. तिथे प्रत्येक मुलाला वेगळी कॉपी जाईल हा पर्याय निवडायला हवा होता, आणि तो असाइनमेंट पाठवण्याआधीच निवडावा लागतो, एकदा पाठवल्यावर नाही. बाईंना तो पर्याय जन्मात विसरता येणार नाही. मी मात्र तो नुसता नोट्समध्ये लिहिलेला होता, म्हणून परीक्षेत चुकले.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफचंही तेच. पानावर 'जी सूट फॉर एज्युकेशन' दिसलं की सरळ बंद करा, कारण ते नाव २०१६ ते २०२१ चं, आता गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन म्हणतात. मी तर आठवडाभर जॅमबोर्ड, म्हणजे गूगलचा ऑनलाइन फळा, शिकत बसले होते आणि ते ३१ डिसेंबर २०२४ लाच बंद झालेलं. फुकट गेला तो आठवडा. गूगलचं स्वतःचं ट्रेनिंग ऑनलाइन फुकट आहे, तेच करा.

पैशांचं एक. फी १० डॉलर, लेव्हल २ ची २५. पेमेंट फेल झालं की लोक वेबसाइटला शिव्या घालतात, पण बऱ्याचदा लोचा आपल्या डेबिट कार्डात असतो. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, बँकेच्या अॅपमध्ये जाऊन आपणच चालू करायचे.

रजिस्ट्रेशन शाळेच्या ईमेलवर करायचं की स्वतःच्या? माझं मत, स्वतःच्या. शाळा बदलली, ईमेल बंद झाला, की सर्टिफिकेटसाठी जुन्या शाळेत फोन करत बसा.

आणि जागा! परीक्षेत वेबकॅम चालू असतो. आमचं वन रूम किचन, मी बसले स्वयंपाकघराच्या दाराशी, मागे कुकरच्या शिट्ट्या, सासूबाई दोनदा फ्रेममधून गेल्या आणि तिसऱ्यांदा "चहा ठेवू का गं?" विचारायला आल्या. वर जुलैचा पाऊस, वायफाय येतंय जातंय. अशात प्रश्न कोण वाचणार. मार्च-एप्रिलही नको, बोर्डाचे पेपर तपासायचे असतात, आणि मतदार यादीची बीएलओ ड्युटी असेल तर विषयच संपला.

नापास झालात तर लगेच पुन्हा बसता येत नाही, १४ दिवस थांबावं लागतं, दुसऱ्यांदाही गेलात तर ६० दिवस, आणि फी दर वेळी नव्याने. मी थेट दिवाळीच्या सुट्टीत बसले. घरचे गावाला गेलेले, दार लावून घेतलं, आधीचे पंधरा दिवस रोज रात्री लॅपटॉपवर स्वतःचाच एक खोटा वर्ग काढून, नवऱ्याला आणि मुलीला विद्यार्थी करून, क्विझ देऊन-तपासून बघितलेलं. पास झाले. सर्टिफिकेट ३ वर्षांचं आहे, मग पुन्हा परीक्षा. शाळा उघडल्यावर मुख्याध्यापकांना दाखवलं, त्यांनी चष्मा वर करून बघितलं, म्हणाले, "वा बाई, मग आता पगाराच्या शाळार्थ पोर्टलचंही तुम्हीच बघा."