इंदूरहून राष्ट्रीय उद्यानात जाताना: गेटवर गाडी हलण्याआधी काय ठरवावे

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या इंदुरातल्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात आणि प्रत्येकाला एकच गोष्ट हवी असते: वाघ नक्की कुठल्या झोनमध्ये दिसतो, ते सांगा. गेली एकोणीस वर्षे मी मध्य प्रदेशातल्या जंगलांत जातो आहे आणि दरवर्षी दोन-तीन कुटुंबांना बरोबर नेतो. या प्रश्नाचे उत्तर देणे मी फार पूर्वीच सोडले आहे. ‘अमुक गेट घ्या, हमखास दिसतो’ या सल्ल्याने जितके नुकसान केले आहे, तितके दुसऱ्या कुठल्याही सल्ल्याने केलेले मला ठाऊक नाही. म्हणून इथे मी वाघ कुठे दिसतो हे सांगणार नाही. जायचे कसे आणि तिथे पोहोचल्यावर वागायचे कसे, एवढेच क्रमाने सांगतो.

कुठे जावे

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सातपुडा राष्ट्रीय उद्यानाच्या मढई गेटला जावे. इंदूरहून भोपाळमार्गे पहाटे निघाले तर दुपार उलटण्याच्या सुमारास पोहोचता येते. रेल्वेने जायचे असल्यास इटारसी-जबलपूर मार्गावरचे सोहागपूर जवळ पडते. मढईला देनवा नदीच्या फुगवट्यातून बोटीने पलीकडे जावे लागते आणि जिप्सी, म्हणजे सफारीची उघडी गाडी, पलीकडच्या काठावर उभी असते. नदी ओलांडताना माणसांचा आवाज आपोआप खाली येतो, हे मी प्रत्येक खेपेला पाहिले आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर ते घरून केलेल्या दहा सूचनांपेक्षा अधिक उपयोगी पडते. कान्हा अर्थातच मोठे आणि देखणे आहे, पण तिथे जायचे म्हणजे रात्रभर जबलपूरपर्यंतचा प्रवास आणि पुढे चार तास रस्ता; त्यामुळे किमान तीन मुक्काम हाताशी असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

परवाना

राज्याच्या वनविभागाच्या संकेतस्थळावर आरक्षण सुमारे चार महिने आधी उघडते. नावे ओळखपत्रावर असतील तशीच लिहावीत आणि ते ओळखपत्र मूळ स्वरूपात बरोबर ठेवावे. गाभा क्षेत्र, म्हणजे उद्यानाचा आतला संरक्षित भाग, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते आणि बुधवारी दुपारची फेरी नसते. संकेतस्थळावर भरलेले पैसे केवळ प्रवेशाचे असतात. जिप्सीचे आणि गाईडचे पैसे गेटवर वेगळे द्यावे लागतात. मुक्काम ठरवण्यापूर्वी परवाना कुठल्या गेटचा आहे ते पाहावे, कारण कान्ह्यात खटिया आणि मुक्की ही गेटे उद्यानाच्या दोन विरुद्ध बाजूंना आहेत आणि पहाटे चुकीच्या गेटजवळ जागे होणारी कुटुंबे मी स्वतः पाहिली आहेत.

हिवाळ्यात सकाळच्या फेरीला उघड्या जिप्सीत घरातले जाड पांघरूण न्यावे. बाकी तयारी कुणालाही कळण्यासारखी आहे.

गाडी हलण्याआधीची पाच मिनिटे

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या टप्प्याकडे येतो. नीट समजायला मला स्वतःला काही वर्षे लागली, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका उद्यानात आम्ही सहा जण एका जिप्सीत होतो. एक वाघीण तीन बछड्यांसह झाडीत बसली आहे, अशी बातमी आली आणि आमच्या चालकाने गाडी अशी पिटाळली की मागे बसलेल्या माझ्या मावशींच्या पाठीला झटका बसला. पोहोचलो तेव्हा पंधरा-सोळा गाड्या रस्ता अडवून उभ्या होत्या. वाघीण तीनदा रस्त्याच्या कडेपर्यंत आली आणि तीनदा मागे फिरली. चौथ्या वेळी आमच्या चालकाने गाडी दोन गाड्यांच्या मधून पुढे घातली, आम्हाला ती अगदी समोर दिसली, आणि बाहेर आल्यावर मी त्याच्या हातावर पाचशे रुपये ठेवले. आमच्या गाडीतले वृद्ध गाईड परतीच्या वाटेवर काहीच बोलले नव्हते. उतरताना ते शांतपणे एवढेच म्हणाले, “बच्चों को पानी पर ले जा रही थी, साहब.”

त्या दिवशी चूक चालकाची होती, असे मी बराच काळ समजत होतो. मग ध्यानात आले की ते पाचशे रुपये मी दिले होते आणि पुढच्या फेरीतही असेच वागावे हा धडा त्याला त्याच नोटांनी दिला होता. जिप्सीच्या चालकाला आणि गाईडला फेरीमागे मिळणारी रक्कम ठरलेली असते. त्यापलीकडचे जे काही घरी जाते, ते पर्यटकाच्या बक्षिशीतून, आणि पर्यटक बक्षीस वाघ पाहून देतो. मग जंगलातली गर्दी, वेगाने हाकलेल्या गाड्या, जनावराची अडवलेली वाट, हे सगळे थांबवायचे असेल तर सुरुवात आपल्या खिशापासूनच करावी लागते, असे माझे ठाम मत झाले.

हे कळल्यानंतरही दोनदा माझे चुकले. पहिल्यांदा मी गाडीत बसताच करड्या स्वरात सांगितले की नियम पाळायचे, गाडी पळवायची नाही. चालकाला तो अविश्वास वाटला, आणि तो साडेतीन तास एक शब्द न बोलता गाडी फिरवत राहिला. दुसऱ्यांदा मी सौम्यपणे म्हणालो की वाघ दिसला नाही तरी आमचे काही म्हणणे नाही. त्यावर त्याने मान डोलावली आणि पहिली बातमी मिळताच गाडी पिटाळली. त्याचे बरोबर होते, कारण प्रत्येक पर्यटक सुरुवातीला हेच वाक्य बोलतो आणि वाघ दिसला नाही की पाकीट न उघडता निघून जातो. अशा वाक्यावर ज्याची चूल अवलंबून आहे, त्याने का विश्वास ठेवावा?

म्हणून आता मी पुढीलप्रमाणे करतो आणि इतरांनीही असेच करावे, असा माझा आग्रह आहे. गाडी सुरू होण्यापूर्वी, गाईड आणि चालक दोघेही समोर असताना, बक्षिशीची रक्कम आकड्यात सांगावी आणि ती दोघांना सारखी असावी. अर्धी रक्कम तिथेच हातात द्यावी. उरलेली अर्धी परतल्यावर मिळेल, वाघाशी तिचा काही संबंध नाही, पण गाडी पळवली किंवा गर्दीत घातली तर ती मिळणार नाही, हे स्पष्ट हिंदीत सांगावे: “भैया, बाघ दिखे या न दिखे, रकम यही रहेगी, बस भीड़ में गाड़ी मत डालना.” अर्धी रक्कम आधी दिल्याने शब्दाला वजन येते, सगळी आधी दिली तर आपला आग्रह हवेत राहतो, आणि सगळी नंतर देऊ म्हटले तर ते नेहमीचेच वाक्य होऊन बसते.

त्यानंतर काय पाहायचे आहे, ते नेमकेपणाने सांगावे. ‘जंगल दाखवा’ असे सांगून काही होत नाही. शेकरू पाहायची आहे, गव्यांचा कळप पाहायचा आहे, अर्जुनाच्या खोडावरचे अस्वलाच्या नखांचे ओरखडे मुलांना दाखवायचे आहेत, एखाद्या पाणवठ्यावर इंजिन बंद करून वीस मिनिटे बसायचे आहे, अशी मागणी केली की गाईडचा चेहरा बदलतो. त्याला हे सगळे ठाऊक असते, फक्त वर्षानुवर्षे कुणी विचारलेले नसते. मढईच्या एका तरुण गाईडने मला रातव्याची बसायची जागा दाखवली, तेव्हा तो पक्षी आमच्यापासून पाच हातांवर, पाचोळ्याच्या रंगात पाचोळा होऊन बसला होता आणि आम्हा सहाही जणांना तो दिसायला दोन मिनिटे लागली.

एक इशारा मात्र द्यायला हवा. हे बोलणे सहाही जणांनी आदल्या रात्री आपसात मान्य केलेले असावे. एकाने रक्कम ठरवायची आणि दुसऱ्याने जंगलात शिरताच पुढे वाकून ‘थोडा जल्दी चलाओ ना’ म्हणायचे, असे झाले की सगळे बिघडते. शिवाय नियम मोडल्याबद्दल कारवाई झाली तर काम बंद होते ते चालकाचे आणि गाईडचे. तुम्ही तर संध्याकाळी इंदूरच्या वाटेला लागलेले असता.

आत गेल्यावर

गाडी थांबवून ऐकावे. चितळाची हाक तीक्ष्ण, शिटीसारखी असते आणि ती बिबट्यापासून रानकुत्र्यापर्यंत कशानेही उठते, त्यामुळे एकट्या चितळाच्या हाकेवर गाडी वळवू नये. वानर उंचावरून बघत असते, म्हणून त्याच्या खोकल्यासारख्या ओरडण्यात ते कुठल्या दिशेला तोंड करून बसले आहे ते पाहावे. सांबराची घुमणारी, भोंग्यासारखी हाक मात्र सहसा वाया जात नाही. ती पुन्हा पुन्हा येत असेल तर आहे तिथेच, इंजिन बंद ठेवून थांबावे. आवाजाच्या दिशेने धावणाऱ्या गाड्यांमुळेच पुष्कळदा जनावर वाट बदलते, आणि थांबलेल्या गाडीसमोरून ते आपल्या चालीने निघून जाते.

वाघ दिसलाच तर नियम सोपे आहेत. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातले पर्यटन काही काळ थांबवले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर ते पुन्हा सुरू झाले. त्यांनुसार वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर आणि जनावर पाहताना दोन गाड्यांमध्ये ५० मीटर अंतर ठेवायचे असते, एका गटाने १५ मिनिटांहून अधिक काळ जागा अडवायची नसते, आणि पर्यटनासाठी गाभा क्षेत्राचा २० टक्क्यांपर्यंतचाच भाग वापरता येतो. मी यात माझा एक नियम जोडला आहे: आधीच पाच गाड्या उभ्या असतील तर आमची गाडी तिथे थांबत नाही.

ज्या कुरणात आपण उभे असतो

सातपुड्यात गवत उंच वाढलेली विस्तीर्ण कुरणे लागतात आणि तिथे गवे हमखास दिसतात. पर्यटक ते पाहून खूश होतात, पण त्यांपैकी अनेक कुरणे म्हणजे उठवलेल्या गावांची शेते आहेत, हे त्यांना कुणी सांगत नाही. बोरी, चूरना, धाईं ही कोरकू आणि गोंड वस्तीची गावे इथे होती. स्थलांतरासाठी दर कुटुंबामागे २००८ पासून १० लाख रुपये दिले जात होते आणि २०२१ मध्ये ते १५ लाख झाले. गाव गेल्यावर गवत आले, गवताबरोबर तृणभक्षी प्राणी आले, आणि कान्ह्यातून आणलेली बारशिंगेही सातपुड्यात सोडली गेली. मऊ गवताशिवाय न जगणारा हा प्राणी १९७० च्या सुमारास कान्ह्यात अवघा ६६ इतका उरला होता. तेव्हा हे कुरण व्यर्थ आहे असे मला म्हणता येत नाही. पण ज्याने आपले घर, आपले मोहाचे झाड आणि आपली पांढरी, म्हणजे गावठाणाची जमीन, सोडली, त्याचा हिशोब पैशात पुरा झाला, असेही मी मानत नाही. माझ्या ओळखीच्या एका गाईडचे बालपण अशाच एका कुरणात गेले. घराजवळचा आंबा त्याने मला गाडीतूनच दाखवला. उतरायची परवानगी नसल्यामुळे तोही उतरला नाही.

हे सगळे मुलांना सांगावे. गाईडला त्याचे गाव कुठले, असे साधेपणाने विचारावे. त्याला बोलायचे असेल तर तो बोलेल, नसेल तर पुन्हा विचारू नये.

बाहेर पडताना

उरलेली रक्कम ठरल्याप्रमाणे, सर्वांसमोर द्यावी आणि वाघ दिसला म्हणून तीत भर घालू नये. ती भर घातली की पाच मिनिटांचे बोलणे फुकट गेले. कुठल्या गाडीने जनावराची वाट अडवली असेल तर तिचा क्रमांक आणि वेळ गेटवरच्या नोंदवहीत लिहावी. चांगल्या गाईडची नोंदही तितक्याच आवर्जून करावी, कारण तक्रारी लिहिणारे पुष्कळ असतात आणि कुणाचे चांगले काम लिहून ठेवणारा क्वचितच सापडतो. ही नोंदवही बहुधा टेबलाच्या खणात असते आणि मागितल्याशिवाय बाहेर येत नाही, म्हणून बोटीत बसण्याची घाई न करता ती मागून घ्यावी.