कॅड पुरस्काराची प्रवेशिका: सोलापूरच्या शालेय रोबोटिक्स संघांसाठी

रोबोटिक्स स्पर्धेतील कॅड (म्हणजे संगणकावर भागांची मॉडेल व ड्रॉइंग बनवणे) पुरस्काराची प्रवेशिका तयार करताना अनेक संघ चकचकीत रेंडर (मॉडेलची फोटोसारखी चित्रे) काढण्यातच पहिला आठवडा घालवतात; मात्र रोबो कसा दिसतो यापेक्षा तो तसाच का घडला, हे प्रवेशिकेतून कळले पाहिजे. त्यामुळे पुरस्काराचे निकष वाचून झाल्यावर ज्या यंत्रणेने संघाला सर्वाधिक छळले, ती एकच निवडावी.

आमच्या संघातील मुलांनी चेंडू आत ओढणाऱ्या रोलरचा ब्रॅकेट निवडला होता. त्यात ६०८ क्रमांकाचे बेअरिंग बसवायचे होते आणि त्याचा बाहेरील व्यास २२ मिलिमीटर असल्यामुळे मॉडेलमध्ये भोकही नेमके तेवढेच ठेवले होते. थ्रीडी प्रिंट निघाल्यावर व्हर्निअरने मोजले, तर भोक २१.८ भरले आणि बेअरिंग तोंडाशीच अडले. मॉडेलमध्ये २२.२ केल्यावर ते अंगठ्याच्या दाबाने बसले. प्रवेशिकेत खरे तर हे दोन्ही तुकडे शेजारी ठेवून काढलेला फोटो हवा होता, पण पहिला तुकडा मीच केरात जाऊ दिला होता. तेव्हापासून फसलेला भागही चिठ्ठी लावून डब्यात राहतो, आणि मॉडेलची प्रत्येक आवृत्ती क्रमांक, तारीख व बदलाचे एका ओळीतले कारण यांसह जतन होते. 'फायनल-नवीन-२' असली नावे चालत नाहीत.

कारणे आपल्या गावातली असली तरी संकोच करू नये. पीएलए हे थ्रीडी प्रिंटचे प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, आणि मे महिन्यात सोलापुरात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवलेला ब्रॅकेट वाकू शकतो. म्हणून पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारे प्लास्टिक निवडले असेल, तर तसे स्पष्ट लिहावे.

ड्रॉइंगची परीक्षा घरबसल्या होत नाही. त्याचा छापील कागद अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एखाद्या लेथवाल्यापुढे ठेवावा आणि आपण गप्प बसावे. तो जे जे विचारेल, मग ते भोकाचे अंतर कोणत्या कडेपासून धरायचे असो किंवा किती फरक चालेल हे असो, ते सारे ड्रॉइंगमध्ये राहून गेले आहे असे समजावे. चादरीची नक्षी मागावर चढण्याआधी आलेखाच्या कागदावर चौकोन मोजून उतरवावी लागते. ज्या घरांनी हे पाहिले आहे, तिथल्या मुलांना ही शिस्त वेगळी शिकवावी लागत नाही.

असेंब्लीतील, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मॉडेलमधील, प्रत्येक भागाला खरे मटेरियल द्यावे, नाहीतर सॉफ्टवेअरने दाखवलेल्या वजनाला अर्थ उरत नाही. तो आकडा आणि प्रत्यक्ष काट्यावरचे वजन दोन्ही नोंदवावेत. फरक पडला, तर स्क्रू आणि वायरी मॉडेलमध्ये आहेत का, ते आधी पाहावे. फर्स्ट टेक चॅलेंज या शालेय रोबोटिक्स स्पर्धेत सुरुवातीला रोबो १८ इंचांच्या घनात मावावा लागतो, तेव्हा त्या मापाची पारदर्शक पेटी मॉडेलभोवती दाखवली की वेगळ्या खुलाशाची गरज राहत नाही.

शेवटी स्टेप (बहुतेक कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडणारे मॉडेल) आणि पीडीएफ फाइली संघाबाहेरच्या कोणाच्या तरी संगणकावर उघडून पाहाव्यात. मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दिली असेल, तर हिवाळ्यात तिथले रात्रीचे १२ म्हणजे आपल्याकडे सकाळचे १०:३० होतात. तोवर थांबू नये. आदल्या संध्याकाळीच फाइली पाठवून पोच मिळाल्याची खात्री करावी.