जुन्या ॲम्प्लिफायरच्या फोनो इनपुटमधला आवाज कसा घालवायचा

सत्तर-ऐंशीच्या दशकातला जपानी ॲम्प, पायोनियर, सान्सुई, केनवुड असलं काहीतरी, घरातल्या कुणीतरी गल्फमधून आणलेला नाहीतर चोर बाजारातून उचललेला, ट्यूनरवर झकास वाजतो, ऑक्सला मोबाईल लावला तरी झकास, आणि सिलेक्टर फोनोवर, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटवर, नेला की हूंऽऽऽ, नाहीतर सूंऽऽ, नाहीतर फोडणीत मोहरी तडतडावी तसं. मग कुणीतरी सांगतं की सगळे कपॅसिटर बदलून टाका. तेवढं मात्र करू नका. बऱ्याचदा गडबड ॲम्पच्या बाहेरच असते, आणि आत असली तरी दोन-चार पार्टमध्येच असते. आवाज कुठून येतोय ते आधी कानाने पकडायचं, सोल्डरिंग आयर्न सगळ्यात शेवटी.

फोनोच का त्रास देतं? मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई जिच्यात बसते ती डबी) जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट येतात, आणि ऑक्सला साधारण १५० मिलिव्होल्ट लागतात, म्हणजे फोनो स्टेजला आधीच भरपूर गेन द्यावा लागतो, म्हणजे सिग्नल खूप पटीने वाढवावा लागतो. त्यात १९५४ पासूनचा आरआयएए कर्व्ह. रेकॉर्ड कापताना बेस कमी करतात आणि ट्रेबल वाढवतात, फोनो स्टेज ते उलटं करून देते, त्यामुळे १ किलोहर्ट्झच्या मानाने ५० हर्ट्झला जवळजवळ ७ पट जास्त गेन मिळतो. आणि आपली लाइट नेमकी ५० हर्ट्झची! कुठूनही जरासा हम (तोच तो हूंऽऽऽ) घुसला की स्पीकर हलायला लागतो.

आता तपासणी. व्हॉल्यूम पूर्ण शून्य करा, आवाज तसाच राहिला तर फोनोचा काही संबंध नाही, पुढच्या स्टेजला किंवा पॉवर सप्लायला बघा. शून्यावर गेला, पण ऑक्सवर व्हॉल्यूम वाढवल्यावर परत तोच येतोय, तर टोन किंवा लाइन स्टेजचा दोष. फक्त फोनोवरच येत असेल तर पुढे चला.

इथे लोक हमखास फसतात, टर्नटेबलची केबल काढून मोकळ्या फोनो इनपुटवर ऐकतात आणि म्हणतात, बघा आतूनच हम येतोय. अहो, ४७ किलोओहमचं मोकळं इनपुट अँटेनासारखं काम करतं, तिथे हम येणारच. त्यासाठी शॉर्टिंग पिन बनवा: दोन साध्या आरसीए पिना घ्या, मधला टोक आणि बाहेरची बॉडी आत तारेने जोडून सोल्डर करा, आणि व्हॉल्यूम शून्यावर ठेवून फोनोच्या दोन्ही सॉकेटमध्ये घाला. हळूहळू व्हॉल्यूम वाढवल्यावर शांतता मिळाली तर ॲम्प ठीक आहे, खोलायची गरजच नाही, बाहेर शोधा.

बाहेर सगळ्यात आधी टर्नटेबलची ती बारीक ग्राउंड वायर, ॲम्पच्या मागे जीएनडी लिहिलेल्या स्क्रूला घट्ट बसलीय का? गंजला असेल तर घासून घ्या. मग हेडशेल (टोनआर्मच्या, म्हणजे सुईच्या दांड्याच्या, टोकाचा कार्ट्रिज बसवलेला भाग) काढून कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कार्ट्रिजच्या चारही पिना (पांढरी, लाल, निळी, हिरवी) नीट बसल्यात का बघा, एकाच चॅनलला हम असेल तर इथेच सापडायची शक्यता जास्त. टर्नटेबल ॲम्पच्या डोक्यावर ठेवलं असेल तर आधी खाली उतरवा. ११० व्होल्टचा सेट असेल तर आपला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हा मोठा गुन्हेगार, त्याचं चुंबकीय क्षेत्र थेट कार्ट्रिजमध्ये जातं. हाताने टोनआर्म रेकॉर्डच्या वर हवेतच आतबाहेर फिरवा, हम कमी-जास्त झाला तर समजायचं हेच, ट्रान्सफॉर्मर लांब न्या किंवा फिरवून बघा. पंख्याचा रेग्युलेटर, डिमर, स्वस्तातले एलईडी दिवे एकेक बंद करूनही ऐका. आणि हम जावा म्हणून तीन पिनच्या प्लगची अर्थ पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जिवावर बेतेल.

शॉर्टिंग पिन लावूनही आवाज असेल तर मात्र खोलायचं. प्लग काढा, मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तो १०० ओहम १० वॅटच्या रेझिस्टरने उतरवा आणि मीटरने खात्री करा, स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणग्या उडवू नका. काम झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवरच, म्हणजे सेटच्या सिरीजमध्ये १०० वॅटचा साधा बल्ब लावून.

नॉब हलवल्यावर खरखर होते किंवा एक चॅनल जातो-येतो, तर तो सिलेक्टर. सेट बंद ठेवून कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा (डीऑक्सिट मिळाला तर उत्तमच, डब्ल्यूडी-४० नको, तो यासाठी नाही) आणि नॉब भरपूर वेळा फिरवायचा. टेप मॉनिटरचा स्विचही घ्या, सिग्नल त्यातूनही जातो. मागच्या आरसीए सॉकेटचे जोडही बघा, केबल ओढून ओढून तिथे ड्राय सोल्डर होतं, म्हणजे जोड कच्चा पडतो, नुसतं परत गरम करून थोडं नवीन सोल्डर दिलं तरी काम होतं.

आता बोर्ड. दोन्ही चॅनलला सारखाच जाडसर १०० हर्ट्झचा हम असेल तर फोनो बोर्डच्या सप्लायवरचे फिल्टर कपॅसिटर सुकलेत. एकाच चॅनलला तडतड किंवा जास्तीचा सूंऽ असेल तर पहिल्या ट्रान्झिस्टरवर संशय घ्या. त्या काळातले २एससी४५८, २एससी१३४४, २एसए७२६ हे नंबर वय झाल्यावर आवाज करण्यासाठी प्रसिद्धच आहेत. खात्री करायला डाव्या-उजव्या चॅनलचे पहिले ट्रान्झिस्टर अदलाबदल करून बघा, दोष दुसरीकडे गेला की चोर सापडला, खर्च शून्य. एनपीएनच्या जागी केएससी१८४५ आणि पीएनपीच्या जागी केएसए९९२ छान चालतात. एनपीएनला बीसी५५० पण चालेल, पण त्याचे पाय वेगळ्या क्रमाने येतात, डेटाशीट बघितल्याशिवाय बसवू नका. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत बंद झालेला जुना जपानी नंबर कोराकरकरीत मिळाला तर आनंदाने उडी मारू नका, डुप्लिकेट असू शकतो.

ट्रान्झिस्टर बदलूनही तडतड राहिली तर इनपुटचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) बघा, तो लीक झाला की डीसी पुढे जाऊन असाच आवाज होतो. जागा असेल तर तेवढ्याच व्हॅल्यूचा फिल्म टाका, इलेक्ट्रोलिटिक किंवा टँटलम टाकलात तर पोलॅरिटी सांभाळा. आधी एकाच चॅनलचं काम करा म्हणजे दुसऱ्याशी ताडून बघता येतं.

शेवटचं ऐकणं शील्डचा पत्रा आणि वरचं कव्हर लावूनच करायचं, उघड्या बोर्डवर हम येणारच. तासभर गरम होऊ द्या, काही ट्रान्झिस्टर तापल्यावरच तडतडतात. व्हॉल्यूम पूर्ण वाढवल्यावर थोडा सूंऽ राहील, तो नव्या ॲम्पलाही असतो. नेहमीच्या व्हॉल्यूमला सुई वर असताना खुर्चीत बसून काही ऐकू येत नसेल तर स्क्रू आवळा.