आरपीडीला बाहेरचं दिसत नाही

सोमवारी सकाळी पहिला फोन आला तेव्हा मी अजून लॉगिनच करत होतो. "डॅशबोर्ड उघडत नाहीये, लाल अक्षरांत काहीतरी येतंय." स्क्रीनशॉट मागवला. एरर क्रमांक २३००६: अमुक सेशन व्हेरिएबलला व्हॅल्यू डेफिनिशन नाही. (सेशन व्हेरिएबल म्हणजे लॉगिन केलेल्या माणसापुरती माहिती धरून ठेवणारा कप्पा.) व्हेरिएबलचं नाव वाचलं आणि पोटात गोळाच आला. ते व्हेरिएबल मीच शुक्रवारी संध्याकाळी काढून टाकलं होतं, वर रेपॉझिटरी किती हलकी झाली म्हणून स्वतःवर खूशही झालो होतो.

ओरॅकल बीआय या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेशन टूलमधल्या युटिलिटीज वापरून रेपॉझिटरी, म्हणजे आपल्या भाषेत आरपीडी, सांभाळायचं काम ज्यांच्याकडे नव्याने येणार आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मेन्यूतलं प्रत्येक बटण काय करतं ते हेल्पमध्ये वाचायला मिळेलच. बटण दाबल्यावर काय होतं ते मात्र मी बरंचसं चुकांमधून शिकलो.

ज्यांना आरपीडी अगदीच नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: आरपीडी म्हणजे डेटाबेस आणि रिपोर्ट यांच्यामधला नकाशा. तिच्यात तीन थर असतात. फिजिकल थरात डेटाबेसमधली खरी टेबलं, मधल्या बिझनेस मॉडेलच्या थरात लॉजिकल टेबलं आणि हिशेबाची सूत्रं, आणि प्रेझेंटेशन थरात वापरणाऱ्याला दिसणारी नावं. रिपोर्ट लिहिणारा फक्त शेवटचा थर पाहतो. तो जे मागतो त्याचं लॉजिकल एसक्यूएल (एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) बनतं, सर्व्हर आरपीडी वाचून त्याचं फिजिकल एसक्यूएल करतो आणि ते डेटाबेसकडे पाठवतो. पण रिपोर्ट स्वतः आरपीडीत नसतात. ते वेगळ्या ठिकाणी, कॅटलॉगमध्ये असतात. माझा सोमवार बिघडला तो याच एका गोष्टीमुळे.

झालं होतं असं. टूल्स मेन्यूमधल्या युटिलिटीजमध्ये 'रिमूव्ह अनयूज्ड फिजिकल ऑब्जेक्ट्स' नावाचा पर्याय आहे. आरपीडीत कुठेच न वापरलेल्या गोष्टींची तो यादी देतो: डेटाबेस, फिजिकल कॅटलॉग (हा रिपोर्टांचा कॅटलॉग नव्हे), इनिशियलायझेशन ब्लॉक, व्हेरिएबल. खुणा करायच्या, होकार द्यायचा, की त्या गोष्टी गेल्या. आमच्या आरपीडीत जुन्या प्रकल्पांचा बराच गाळ साचला होता, उघडायलाच वेळ लागायचा. यादीत एक इनिशियलायझेशन ब्लॉक होता. लॉगिनच्या वेळी तो वापरणाऱ्याचा विभाग शोधून एका सेशन व्हेरिएबलमध्ये भरायचा. आरपीडीतल्या एकाही फिल्टरमध्ये ते व्हेरिएबल नव्हतं, म्हणून टूलने दोघांनाही 'अनयूज्ड' म्हटलं. टूल खोटं बोललं नव्हतं. ते व्हेरिएबल वापरलं होतं कॅटलॉगमधल्या रिपोर्टांच्या फिल्टरमध्ये, आणि टूलला कॅटलॉग दिसतच नाही.

शुक्रवारची मूळ आरपीडी कॉपी करून ठेवलेली होती, म्हणून ती परत चढवून डॅशबोर्ड चालू करता आले. कॉपी नसती तर काय केलं असतं याचा विचार मी मुद्दाम करत नाही.

त्या दिवसापासून आरपीडीतून काहीही काढण्याआधी त्याचं नाव मी आधी कॅटलॉगमध्ये शोधतो. कॅटलॉगमधला प्रत्येक रिपोर्ट म्हणजे आतून एक एक्सएमएल फाइल असते. जिथे कॅटलॉग सर्व्हरच्या डिस्कवर फायलींच्या रूपात पडलेला असतो तिथे एखाद्या साध्या टेक्स्ट शोधणाऱ्या कमांडने सगळ्या फायलींमध्ये व्हेरिएबलचं नाव शोधता येतं. शेजारच्या एटीआर फायलींमध्ये रिपोर्टची माहिती असते, रिपोर्ट नव्हे. त्यामुळे शोधताना त्या वगळल्या तरी चालतं. कॅटलॉग मॅनेजरमधूनही कोणता रिपोर्ट कोणता सब्जेक्ट एरिया (प्रेझेंटेशन थरातला विषयवार गट) आणि कोणता कॉलम वापरतो याची यादी काढता येते. ती फाइल मी दर महिन्याला काढून ठेवतो. आरपीडीला बाहेरचं काही दिसत नसेल तर बाहेरचं तिच्या वतीने आपणच पाहायचं.

आता बाकीच्या युटिलिटीज. ज्या मला रोज लागतात त्यांच्यावर जास्त बोलतो.

नवीन आरपीडी हातात आली की मी सर्वात आधी 'रिपॉझिटरी डॉक्युमेंटेशन' चालवतो. त्यातून स्वल्पविरामाने तोडलेली एक फाइल मिळते. प्रेझेंटेशनमधला कॉलम, त्याचा लॉजिकल कॉलम, त्यामागचा फिजिकल कॉलम आणि मध्ये असेल तर सूत्र, असं सगळं एका ओळीत येतं. फाइल एक्सेलमध्ये उघडा आणि फिल्टर लावा. एखाद्या विभागप्रमुखाने "हा 'निव्वळ विक्री'चा आकडा नेमका येतो कुठून?" असं विचारलं, की टूल उघडून तीन थरांत क्लिक करत बसण्यापेक्षा ही ओळ दाखवणं सोपं. मी तर पहिल्या आठवड्यात दुसरं काहीच करत नाही, ही फाइल वाचत बसतो. कंटाळवाणं काम आहे, पण आरपीडीची ओळख इतक्या लवकर दुसऱ्या कशाने होत नाही. फाइलवर तारीख मात्र टाका. महिनाभरात ती जुनी होते आणि मग तिच्या भरवशावर कोणी उत्तर दिलं तर पंचाईत.

रीनेम विझार्डची गंमत वेगळी. डेटाबेसमधली अंडरस्कोर घातलेली मोठ्या अक्षरांतली नावं वापरणाऱ्यांना दाखवायची नसतात. विझार्ड अंडरस्कोरच्या जागी रिकामी जागा टाकतो, अक्षरं लहान-मोठी करतो, आधी किंवा नंतर शब्द जोडतो. नियम ज्या क्रमाने लावाल त्या क्रमाने चालतात, आणि हे मला वापरणाऱ्यांनीच शिकवलं. मी आधी सगळी अक्षरं लहान करायचा नियम लावला आणि मग प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करायचा. परिणाम असा, की 'वायटीडी' (वर्षाच्या सुरुवातीपासून आजपर्यंत) सारखी इंग्रजी लघुरूपं पहिलं अक्षर मोठं आणि पुढची लहान अशी दिसायला लागली. लेखा विभागाने हसत हसत निरोप पाठवला, "हे नवीन काय काढलंय?" लघुरूपांची यादी हाताशी ठेवून ती 'चेंज स्पेसिफाइड टेक्स्ट' नियमाने शेवटी पुन्हा मोठी करा, म्हणजे निस्तरतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे अलियस, पर्यायी नाव. प्रेझेंटेशनमधल्या एखाद्या कॉलमचं नाव बदललं की जुनं नाव त्या कॉलमच्या अलियसमध्ये जाऊन बसतं, म्हणून जुन्या नावावर चालणारे रिपोर्ट मोडत नाहीत. चांगली सोय आहे. पण अलियसची यादी लांबत गेली की कोणीतरी स्वच्छतेच्या उत्साहात ती पुसतं. मग जुने रिपोर्ट २७००५ हा एरर द्यायला लागतात, म्हणजे कॉलम सापडत नाही. पुन्हा तीच गोष्ट: अलियस कोण वापरतंय ते आरपीडीला माहीत नाही, कॅटलॉगला माहीत आहे.

फिजिकल थरात डेटाबेसमधलं टेबल किंवा कॉलम बदलला तर 'रिप्लेस कॉलम ऑर टेबल' विझार्ड लागतो. समजा डेटाबेसवाल्यांनी टेबलाच्या जागी व्ह्यू दिला आणि त्याच्यावर पन्नास लॉजिकल कॉलम मॅप केलेले आहेत. हाताने एकेक मॅपिंग बदलत बसलात तर एखादं नक्की सुटतं. विझार्ड जुना आणि नवा कॉलम समोरासमोर मांडून एकाच वेळी बदलतो. याबद्दल माझी तक्रार नाही.

कॅशची, म्हणजे सर्व्हरने साठवून ठेवलेल्या उत्तरांची, गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण 'आकडे कालचेच दिसतात' ही तक्रार तुम्हाला येणारच. इव्हेंट टेबल युटिलिटीने एक खास टेबल नेमता येतं, नाव एस_एनक्यू_ईपीटी. रात्रीचा डेटा लोड संपला की लोडची प्रक्रिया या टेबलात एक ओळ टाकते: अपडेट टाइप १, वेळ, डेटाबेसचं नाव, स्कीमा, टेबलाचं नाव. बीआय सर्व्हर ठरावीक मिनिटांनी हे टेबल बघतो आणि त्या टेबलावर बसलेली कॅश काढून टाकतो. यात फसायची जागा म्हणजे नावं. डेटाबेसचं नाव म्हणून प्रत्यक्ष डेटाबेसचं नाव चालत नाही, आरपीडीच्या फिजिकल थरात जे लिहिलंय तेच लागतं. आमच्याकडे आरपीडीत फिजिकल डेटाबेसचं नाव कोणीतरी 'नीट' केलं आणि लोडच्या स्क्रिप्टमध्ये जुनंच राहिलं. ओळी पडत होत्या, कॅश हलत नव्हती. म्हणून फिजिकल थरातलं नाव बदलायचं असेल तर लोड सांभाळणाऱ्यांना आधी सांगा.

या नावांमधलं 'एनक्यू' कुठून आलं, असा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. हे सॉफ्टवेअर मुळात एनक्वायर नावाच्या कंपनीचं. २००१ मध्ये सिबेलने ती कंपनी विकत घेतली आणि २००६ मध्ये सिबेल ओरॅकलमध्ये आली. मालक बदलले, पण फायलींच्या आणि एररच्या नावांत एनक्वायर तशीच राहिली. कॅश साफ करायच्या कमांडांच्या सुरुवातीचं 'एसए' हे सिबेल अ‍ॅनालिटिक्सचं. कामाला याचा फारसा उपयोग नाही, पण नाव कुठून आलं ते कळलं की ते लक्षात राहतं.

कन्सिस्टन्सी चेक, म्हणजे आरपीडीतल्या चुका शोधणारी तपासणी, सगळेच चालवतात. एरर सोडवतात आणि वॉर्निंग सोडून देतात. मीही तेच करायचो. ३९००८ क्रमांकाची वॉर्निंग तुम्हाला हमखास दिसेल: अमुक डायमेन्शनचा अमुक सोर्स कुठल्याच फॅक्ट सोर्सला जोडलेला नाही. (फॅक्ट म्हणजे आकडे, डायमेन्शन म्हणजे ते ज्यानुसार पाहायचे ती माहिती.) बऱ्याचदा ती खरंच निरुपद्रवी असते. पण कधीकधी फिजिकल जॉइन टाकायचा राहिलेला असतो आणि कोणी ते दोन कॉलम एकत्र ओढेपर्यंत कळत नाही. एकदा बसून सगळ्या वॉर्निंगची यादी करा, प्रत्येकीसमोर 'माहीत आहे' किंवा 'सोडवायची' असं लिहा. पुढच्या वेळी नवी वॉर्निंग आली की ती लगेच उठून दिसते. दोनशे जुन्यांमध्ये एक नवी शोधणं कोणालाच जमत नाही.

दोन-तीन जण एकाच आरपीडीवर काम करत असतील तर कम्पेअर आणि मर्ज, म्हणजे प्रती ताडून एकत्र करणं, आलंच. तीन फायली लागतात: मूळ, मी बदललेली आणि सध्या सर्व्हरवर असलेली. बरेच जण चुकतात ते मूळ फाइल निवडताना. मी माझं काम ज्या प्रतीवरून सुरू केलं नेमकी तीच प्रत मूळ म्हणून द्यायची. दुसरीच एखादी जुनी दिली तर दुसऱ्याने मुद्दाम काढलेल्या गोष्टी परत येऊ शकतात. आणखी एक: कॉलम डिलीट करून त्याच नावाने पुन्हा बनवू नका. आपल्याला तो एकच कॉलम वाटतो, आरपीडी मात्र आतल्या आयडीवरून ओळखते. मर्जमध्ये तो 'एक काढला, एक नवा आला' असा येतो आणि प्रेझेंटेशनची जोडणी तुटते. कॉलमची फक्त व्याख्या बदला.

ऑनलाइन मोडमध्ये, म्हणजे चालू सर्व्हरवर थेट, मी काही बदलत नाही. चेक-इन केलं, म्हणजे बदल सर्व्हरला सोपवला, की बदल लोकांच्या डॅशबोर्डवर पोचतो, आणि चूक सापडेपर्यंत ती चूक सगळ्यांच्या समोर असते. ऑफलाइन प्रतीत बदला, तपासा, मग चढवा. ओरॅकल बीआयच्या १२सी आवृत्तीपासून डाउनलोड आणि अपलोड कमांडने होतं, त्यामुळे चढवण्याआधी सर्व्हरवरची प्रत खाली उतरवून तारखेच्या नावाने ठेवणं दोन मिनिटांचं काम आहे. पासवर्ड मात्र जपा. ११जी आवृत्तीपासून आरपीडी पासवर्डने एन्क्रिप्ट होते. पासवर्ड ठाऊक असलेला माणूस नोकरी सोडून गेला की ती फाइल उघडायची कोणी?

आणि आता माझं सगळ्यात लाडकं हत्यार, दिसायला अगदी सामान्य: एनक्यूसीएमडी. काळ्या पडद्यावरची कमांड आहे, चित्रं नाहीत, बटणं नाहीत. तिला लॉजिकल एसक्यूएल द्यायचं, ती बीआय सर्व्हरवर चालवून उत्तर देते. सोमवारच्या त्या प्रकरणानंतर मी सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या पंचवीस रिपोर्टांची लॉजिकल एसक्यूएल त्यांच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमधून काढून एका फाइलमध्ये ठेवली. नवी आरपीडी आधी टेस्ट सर्व्हरवर चढवतो. जुन्या आरपीडीवर ही फाइल चालवून उत्तरं साठवलेली असतात, नव्यावर पुन्हा चालवतो आणि दोन्ही उत्तरं समोरासमोर ठेवून तुलना करतो. डेटा मध्ये बदलायला नको, म्हणून रात्रीच्या लोडच्या आधी दोन्ही फेऱ्या उरकतो. ती फाइल शुक्रवारी माझ्याकडे असती तर २३००६ मला संध्याकाळीच दिसला असता. कारण फिल्टरमधलं सेशन व्हेरिएबल लॉजिकल एसक्यूएलमध्ये जसंच्या तसं येतं आणि सर्व्हरला ते सापडलं नसतं.

आता क्लाउडमध्ये सिमँटिक मॉडेलर आलाय. तिथे मॉडेल टेक्स्ट फायलींत लिहिलं जातं आणि गिटमध्ये ठेवता येतं, कोणी काय बदललं ते ओळीनुसार दिसतं. मर्जच्या वेळी डोकं धरून बसलेल्या माणसाला ही मोठीच सोय. पण रिपोर्ट तिथेही कॅटलॉगमध्येच असतात.

मागच्या महिन्यात नवीन सहकारी माझ्याकडे आली. तिने 'रिमूव्ह अनयूज्ड'ची यादी काढली होती, चौदा गोष्टी. "सर, करू का?" मी तिला कॅटलॉगची फाइल उघडून दिली. तासाभराने ती परत आली. यादीत अकरा उरल्या होत्या.