कैलासपतीची फळं वाटेवर पडायची, तो प्रॉब्लेम कसा सोडवला

बागेत वाटेला लागूनच कैलासपतीचं जुनं झाड आहे, मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या वर्षावनातलं, फुलं तर काय सुंदर, पण फळं म्हणजे तोफेचे गोळेच, २० सेंमीपर्यंत जाड, पडून फुटली की गर असा घाण वास मारतो की विचारू नका. सगळे म्हणाले तोडून टाका. मी वाटच वळवली, फांद्यांच्या घेराबाहेरून, बाकडंही हलवलं, आणि झाडाखाली नुसती झुडपं लावली म्हणजे तिथे कोणी उभंच राहत नाही. खोडावर लोंबणाऱ्या फुलांच्या काड्या मात्र छाटू नका हं, फुलं त्यांच्यावरच येतात! हाताला येतील तेवढी फळं लहान असतानाच काढून टाकतो, वरची पडतात ती झुडपांत.