पिकअपच्या ट्रान्समिशन फ्लुइडला जळका वास येत असेल तर

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्या पिकअपच्या डिपस्टिकला जळका वास येऊ लागला, की बहुतेक मालक लगेच फ्लुइड बदलण्याचे ठरवतात. ते बदलावे लागतेच. परंतु ते कशामुळे जळाले हे न पाहता नवे भरले, तर त्याचीही तीच गत होते. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी दोन गोष्टी शोधाव्यात: एवढी उष्णता आली कोठून, आणि तिने आतील क्लचची किती हानी केली.

वास खरोखर फ्लुइडचाच आहे ना, हे आधी पाहावे. एखाद्या सीलमधून किंवा फ्लुइड थंड करणाऱ्या कूलरच्या नळीतून गळलेले थेंब तापलेल्या एक्झॉस्ट पाइपवर पडले, तरी गाडीखालून असाच वास येतो आणि आतले फ्लुइड मात्र चांगले असते. खात्री डिपस्टिकवरच होते. बहुतेक गाड्यांत सपाट जागी, गिअरबॉक्स गरम झाल्यावर आणि इंजिन चालू ठेवूनच पातळी पाहायची असते, तरी माहितीपुस्तिकेतील पद्धत प्रमाण मानावी. अनेक नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते. तेथे फ्लुइड ठरावीक तापमानाला असताना पातळीचा बोल्ट उघडून तपासणी होते, आणि त्यासाठी तापमान दाखवणारा स्कॅनर लागतो.

एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकावा. नवे फ्लुइड बहुधा लाल असते. तपकिरी झालेले पण वास नसलेले फ्लुइड केवळ जुने असू शकते. काळे, करपल्या वासाचे आणि बोटांना खरखरीत लागणारे फ्लुइड क्लचचे अस्तर झिजल्याचे सांगते. रंग दुधी गुलाबी दिसला, तर रेडिएटरमधील कूलर फुटून त्यात कूलंट मिसळले आहे असे समजावे. अशी गाडी पुढे चालवूच नये, कारण पाण्याने क्लचचे अस्तर सुटू लागते.

आता उष्णतेकडे वळू. चांगल्या स्थितीतील गिअरबॉक्समध्ये फ्लुइड साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसवर राहते, आणि १२० अंशांच्या पुढे त्याचा ऱ्हास झपाट्याने होतो. यातील बरीचशी उष्णता टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनची ताकद फ्लुइडमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, निर्माण होते. विशेषतः भरलेली गाडी चढावर कमी वेगाने जात असताना कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू घट्ट जोडणारा लॉकअप क्लच लागत नाही आणि आतील फ्लुइड नुसते घुसळले जाते. त्यामुळे जड ट्रेलर ओढणे, चिखलात रुतलेली गाडी पुढे-मागे झुलवणे आणि ओझे असताना टो-हॉल मोड (ओझे ओढण्यासाठीची गिअरबॉक्सची सेटिंग) न वापरणे ही पहिली संशयित कारणे होत. फ्लुइड कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि क्लच घसरतात. जास्त भरले तर फिरत्या भागांमुळे फेस होऊन परिणाम तोच होतो. या सवयी आणि पातळी दोन्ही ठीक असतील, तर कूलरच्या जाळीत साचलेला चिखल, दबलेली नळी, रेडिएटरचा मंदावलेला पंखा आणि शेवटी लॉकअप क्लच तपासावा. स्कॅनरवर पी०२१८ हा कोड गिअरबॉक्स अति तापल्याचा, तर पी०७४१ हा लॉकअप क्लच नीट लागत नसल्याचा असतो.

फ्लुइड बदलल्याने गिअरबॉक्स बंद पडला, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. माझ्या मते अशा बहुतेक प्रकरणांत क्लच आधीच संपलेले असतात आणि दोष नव्या फ्लुइडच्या माथी येतो. म्हणून बदलण्यापूर्वी गाडी चालवून पाहावी. गिअर उशिरा लागत असेल, इंजिनचे फेरे वाढूनही वेग वाढत नसेल किंवा गाडी थरथरत असेल, तर गिअरबॉक्स उघडण्याचीच तयारी ठेवावी. गिअर नीट पडत असतील, तर फ्लुइड बदलणे सार्थकी लागते.

गाडी थोडी थंड होऊ द्यावी आणि भक्कम स्टँडवर उचलावी. केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. पॅनचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या थाळीचे, बोल्ट एका कोपऱ्याकडून सैल करत फ्लुइड मोठ्या परातीत उतरवावे आणि किती निघाले ते मोजावे. पॅनमधील चुंबकावर राखाडी, मऊ लेप असणे स्वाभाविक आहे. धातूचे कीस किंवा पितळी कण दिसले, तर काम तेथेच थांबवून गिअरबॉक्स कारागिराला दाखवावा. फिल्टर बदलताना त्याचे जुने सील वर भोकात अडकून राहिलेले नाही ना, हे आवर्जून पाहावे, कारण त्यावरच नवे बसवले तर पंप हवा ओढू लागतो. नवे गॅस्केट लावून बोल्ट आलटून-पालटून, पुस्तिकेतील टॉर्कनेच आवळावेत.

फ्लुइड पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचेच हवे. नावे सारखी असली, तरी फोर्डची मर्कॉन व्ही आणि मर्कॉन एलव्ही ही फ्लुइडे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. जेवढे निघाले तेवढेच भरावे, इंजिन सुरू करून ब्रेक दाबून धरावा, प्रत्येक गिअर काही सेकंद लावून पाहावा आणि मग पातळी जुळवावी. पॅन काढल्याने एकूण फ्लुइडचा अर्धा भागही बहुधा निघत नाही, कारण उरलेले कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये असते. त्यामुळे काहीशे किलोमीटरनंतर हेच काम पुन्हा करावे. जळालेल्या फ्लुइडवर दाबाने फ्लश करण्याचा मार्ग मी टाळतो, कारण सुटलेला गाळ फ्लुइडचा दाब वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीत अडकू शकतो.

नियमित ओझे ओढायचे असेल, तर रेडिएटरमधील कूलरच्या पुढे, परतीच्या नळीवर स्वतंत्र कूलर जोडावा आणि तापमापक बसवावा. रिकाम्या गाडीतही, सपाट रस्त्यावर काटा चढतच राहिला, तर कूलरमधून फ्लुइड किती वाहते हे पुढे मोजावे लागेल.